मंत्र्यांचे कागद मी तारखेवार लावले

प्रिय इरा आणि नील,

तुम्ही कॅलिफोर्नियात आणि मी न्यू जर्सीत, त्यामुळे आपलं बोलणं रविवारी फोनवर होतं आणि त्यातला निम्मा वेळ "आजी, यू आर ऑन म्यूट" यात जातो. त्यात सांगायचं राहून जातं. गेल्या महिन्यात इराने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं की माझी आजी लायब्रेरियन होती आणि ती फार टापटीप होती. तुमच्या आईने कौतुकाने मला फोटो पाठवला. यातलं पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं बरोबर आहे, पण त्यात कौतुक करण्यासारखं फारसं नाही, आणि ते मी वेळेवर सांगितलं नाही तर तुम्ही पुढे तुमच्या मुलांना तेच सांगाल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक काकू दोन वर्षं माझ्याकडे 'नोकरीतले अनुभव' मागत आहेत. म्हणून दोन्ही कामं एकत्र करते.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे बाबा वाचून दाखवणार. तो अवघड भाग गाळतो, हे मला तो सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. मंदार, गाळू नकोस.

मी लायब्रेरियन नव्हते. लायब्ररीत पुस्तकं असतात, आणि एक हरवलं तर दुसरं आणता येतं. मी आर्काइव्हमध्ये होते. तिथे माणसांचे कागद असतात, प्रत्येकी एकच प्रत. कोणी मोठा माणूस मेला, किंवा मोठ्या माणसाची मुलं घर विकायला निघाली, की पत्रं, डायऱ्या, फोटो आणि आमंत्रणं असं सगळं खोक्यांत भरून आमच्या कॉलेजकडे यायचं. माझं काम ते उघडायचं. गंजलेल्या पिना काढायच्या, रबरबँड काढायचे, कागद नव्या फोल्डरमध्ये घालायचे, फोल्डरवर पेन्सिलने लिहायचं, खोक्यांना नंबर द्यायचे आणि शेवटी एक सूची करायची. वाचणारा माणूस सूची बघून खोका मागतो. शाई आत न्यायची नाही, चहा आत न्यायचा नाही. एडिसनहून मी रोज गाडीने जायचे आणि दिवसभर पिना काढून परत यायचे. पुण्यात इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या बाईने पिना काढाव्यात याचं तुमच्या पणजीला शेवटपर्यंत वाईट वाटलं. मला वाटलं नाही. मला ते काम आवडायचं, आणि मी ते चांगलं करायचे, असं सगळे म्हणत.

या धंद्यात एकच मोठा नियम आहे. मालकाने कागद ज्या क्रमाने ठेवले असतील, तो क्रम मोडायचा नाही. तुम्हाला तो कितीही विचित्र वाटो. एका प्राध्यापकबाईंच्या कागदांत प्रेमपत्रं आणि वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीची पत्रं एकाच फोल्डरमध्ये होती. मी तशीच ठेवली. पुढे कळलं की दोन्ही एकाच माणसाची होती. म्हणून नियम.

मग मंत्र्यांचे कागद आले.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या घरचे लोक अजून आहेत आणि भले आहेत. आम्ही त्यांना नुसतं मंत्री म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या सरकारात ते मंत्री होते. लढाई चालू असतानाही तिथे मंत्रिमंडळं बदलत राहिली, त्यामुळे आमचे मंत्री दोनदा आत गेले आणि दोनदा बाहेर आले. दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे कारखान्यांना माणसं पुरवायचं काम होतं. पुरुष आघाडीवर गेले होते, म्हणून शाळेतल्या मुली पुरवल्या जात. लढाई हरल्यावर अमेरिकनांनी त्यांना राजकारणात यायला बंदी केली. काही वर्षांनी बंदी उठली, ते पुन्हा निवडून आले, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी आपल्या डोंगराळ भागात पूल बांधवून घेण्यात घालवलं. घरी, अंथरुणात, वारले. खोक्यांवरून आयुष्य मोजायचं तर लढाईला चार खोके होते आणि पुलांच्या उद्घाटनांना अकरा.

कागद न्यू जर्सीत आले ते त्यांच्या धाकट्या मुलीमुळे. हारुकोबाई. त्यांनी अमेरिकन माणसाशी लग्न केलं होतं आणि आमच्या कॉलेजपासून वीस मिनिटांवर राहत होत्या. जपानमधलं घर पाडायचं ठरल्यावर भावजय कागद टाकून देणार होती. हारुकोबाईंनी ते जहाजाने मागवले आणि आम्हाला दिले. तेव्हा त्यांचे यजमान आजारी होते, म्हणून त्या स्वतः आल्या नाहीत.

मला जपानी येत नव्हतं. आमच्याकडे जपानी वाचणारा एक विद्यार्थी आठवड्यातून दोन तास यायचा आणि कागद काय आहे ते चिठ्ठीवर लिहून जायचा: पत्र, आमंत्रण, आदेशाची प्रत. पण मी आकडे शिकले, आणि वर्षं शिकले. त्यांची वर्षं सम्राटाच्या काळाने मोजतात. आपल्या लग्नपत्रिकांवर शके लिहिलेलं असतं, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. तिथे एकोणीसशे पंचवीस मिळवायचे. दोन आठवड्यांत मला कुठल्याही कागदाची तारीख वाचता यायला लागली. बाकी काहीच वाचता येत नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते आता सांगते.

लढाईच्या चार खोक्यांत कागदांचे गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठा कागदाला पीळ देऊन केलेल्या बारीक दोरीने बांधलेला. गठ्ठे सोडून बघितलं तर आत कशाचा कशाला मेळ नाही. एका गठ्ठ्यात मार्चचं पत्र, त्यावर जानेवारीचं, त्यावर एक आमंत्रण, मग आदेशाची प्रत, मग पुन्हा फेब्रुवारी. वर कसर लागलेली. कागद पोखरणाऱ्या अळ्यांनी आरपार भोकं पाडली होती आणि दोऱ्या हातात तुटत होत्या. मला वाटलं, घर आवरताना भावजयीने जे हाताला लागलं ते बांधून टाकलं असणार. धंद्याची रीत अशी की शंका आली तर देणाऱ्याला फोन करून विचारायचं. मी म्हटलं, नवरा आजारी आहे, कशाला त्रास द्या.

मी सगळ्या दोऱ्या कापल्या आणि कागद तारखेवार लावले. आठ महिने लागले. सूचीत पहिलंच वाक्य लिहिलं की हे कागद अस्ताव्यस्त अवस्थेत आले आणि आम्ही ते कालानुक्रमे लावले. आमचे साहेब वॉल्टर यांनी ते वाचून मला लंच दिलं. नंतर मंत्र्यांवर जाड पुस्तक लिहिणारे एक प्राध्यापक आले. त्यांनी लढाईचे खोके मागवले नाहीत, त्यांना मुखपृष्ठासाठी पुलावरचा फोटो हवा होता. पण प्रस्तावनेत त्यांनी माझ्या 'आदर्श मांडणी'चे आभार मानले. ते पान तुमच्या आजोबांनी फ्रिजवर लावलं होतं.

यजमान गेल्यानंतर वर्षभराने हारुकोबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, लहानशा, राखाडी कोट. त्यांनी कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मिसेस केळकर, मला एक पत्र बघायचंय. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचं, वडिलांना लिहिलेलं."

मी दोन मिनिटांत काढून दिलं. विद्यार्थ्याची चिठ्ठी होती आणि तारीख होती. मला अभिमान वाटला, हे कबूल करते.

त्यांनी ते उभं राहूनच वाचलं. मग बसल्या आणि मला सांगितलं. त्यांच्या वरच्या वर्गातल्या मुलींना एका बंदरावरच्या कारखान्यात पाठवायचं ठरत होतं. तिथे आधी एकदा बॉम्ब पडले होते. मुख्याध्यापिकेने मंत्र्यांना लिहिलं होतं की मुलींना काम द्या, पण दुसरीकडे द्या. मंत्र्यांनी सही केली, मुली तिथेच गेल्या, आणि सगळ्या परत आल्या नाहीत. लढाईनंतर आईबापांनी विचारलं तेव्हा मंत्री म्हणाले, पत्र माझ्यापर्यंत पोहोचलं तेव्हा आदेश निघून गेला होता. टपाल उशिरा येत असे. मरेपर्यंत ते तेच म्हणाले.

"परत आलेल्यांपैकी चौघी आहेत अजून," हारुकोबाई म्हणाल्या. "दर दोन वर्षांनी मी जाते, आम्ही जेवायला भेटतो. मीही त्यांना तेच सांगते. पत्र उशिरा आलं. आता पुढच्या वर्षी बहुतेक शेवटचं भेटणं. सांगण्याआधी मला बघायचंय की ते खरं आहे का."

मी म्हटलं, "पत्रावर तारीख आहे. आदेशाच्या आठ दिवस आधीची."

"ती लिहिल्याची तारीख. वडिलांनी कधी पाहिलं?"

"ते कसं कळणार?"

"गठ्ठ्यावरून," त्या म्हणाल्या. "वडिलांचे एक सेक्रेटरी होते. दिवसभरात वडिलांनी जो कागद पाहून बाजूला ठेवला, तो ते एकावर एक ठेवत जायचे. संध्याकाळी गठ्ठा बांधायचे. एक दिवस, एक गठ्ठा. पहिला पाहिलेला सगळ्यात खाली. मला लहानपणी तो पीळ घालायला त्यांनीच शिकवलं. ज्या गठ्ठ्यात आदेश आहे त्याच्या आधीच्या गठ्ठ्यात पत्र आहे की नंतरच्या, एवढंच बघायचंय. गठ्ठे आणता का?"

मी म्हटलं की आज उशीर झालाय, पुढच्या गुरुवारी या. साडेतीन वाजले होते. वाचनकक्ष पाचपर्यंत उघडा असायचा.

मी वॉल्टरकडे गेले. त्याने चष्मा काढला. "सूचीत काय लिहिलंयस? अस्ताव्यस्त आले ना? मग तेच सांग. कोण विचारणार? चूक सगळ्यांकडून होते, नलिनी. कोणी मेलं तर नाही ना."

"वॉल्टर, पत्र त्याबद्दलच आहे."

तो म्हणाला, "ओके. बॅड चॉइस ऑफ वर्ड्स."

घरी आजोबांना सांगितलं. ते टीव्हीवर मॅच बघत होते.

"अगं, मग सांग ना की किड्यांनी दोऱ्या खाल्ल्या. थोड्या खाल्ल्याच होत्या. किडे काही कंप्लेंट करायला येत नाहीत."

"अहो, पण कापल्या मी."

"तुला कोणी बघितलं का?"

"अख्खं डिपार्टमेंट बघत होतं. लंच दिलं मला त्याबद्दल."

त्यांनी मॅच म्यूट केली. "ती म्हातारी साठ वर्षं एक गोष्ट धरून बसलीय, नलू. वडिलांनी पाहिलं नाही म्हणून. तू काही बोलली नाहीस तर तिचं बरंच होईल."

हे मला आधीच सुचलं होतं आणि त्याचंच वाईट वाटत होतं. मी गप्प राहिले असते तर माझीही लाज राहिली असती आणि त्यांच्या वडिलांचीही. सगळ्यांची सोय होत होती. फक्त त्या चौघींना पुन्हा एकदा तेच ऐकावं लागलं असतं, आणि ते खरं की खोटं हे सांगणाऱ्या बाईलाही माहीत नसतं.

गुरुवारी मी हारुकोबाईंना सांगितलं. सरळ. गठ्ठे होते, मला ते अस्ताव्यस्त वाटले, मी दोऱ्या कापल्या आणि कागद तारखेवार लावले. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यातला याची नोंद ठेवली नाही. तुम्हाला एक फोन केला असता तर हे झालं नसतं.

त्यांनी फोल्डर पुढे ओढून बघितलं. कडा जुळवलेल्या, पेन्सिलीतलं अक्षर एकसारखं.

"फार टापटीप आहे," त्या म्हणाल्या. "माझे वडीलही फार टापटीप होते."

मला वाटलं आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी पत्र उजेडाला धरलं आणि कसरीच्या भोकाकडे बघायला लागल्या. तेव्हा मला कळलं की त्यांनी चाळीस वर्षं काय नोकरी केली होती. दातांच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चावण्याचे ठसे बघायचे आणि वरचा जबडा खालच्याला जुळवायचा.

"हे भोक चंद्रकोरीसारखं आहे," त्या म्हणाल्या. "एकाच अळीचं. ती एका कागदावर थांबली नसेल. वरच्या आणि खालच्या कागदातूनही गेली असेल ना?"

एवढी साधी गोष्ट मला आठ महिन्यांत सुचली नव्हती. मी त्या भोकांना नुकसान म्हणून नोंदवलं होतं.

त्यानंतर चार महिने, दर गुरुवारी, आम्ही दोघी भोकं जुळवत बसलो. पारदर्शक कागदावर मी प्रत्येक भोकाचा आकार पेन्सिलने उतरवायचे आणि त्या बघायच्या. अळी सरळ जात नाही, थोडी तिरकी सरकते. त्यामुळे भोक प्रत्येक कागदावर जरासं हलतं, आणि त्यावरून कागदांचा क्रम लागतो. वर कोणतं आणि खाली कोणतं, ते दोरीच्या गाठीच्या डागावरून कळतं, कारण गाठ नेहमी वरच्या कागदावर असायची. दुपारी आम्ही स्टाफरूममध्ये डबे उघडायचो. त्या भाताचे गोळे आणायच्या, मी थालीपीठ न्यायचे. माझं थालीपीठ त्यांना फार कोरडं वाटायचं आणि त्या तसं सांगायच्या.

कामात त्या कडक होत्या. मी एकदा घाईने म्हटलं, "हे जुळतंय." त्या म्हणाल्या, "मिसेस केळकर, अशी कवळी घालून तुम्हाला सफरचंद खाता येणार नाही." मी पुन्हा उतरवलं. जुळत नव्हतं.

वॉल्टर अधूनमधून येऊन उभा राहायचा. एकदा म्हणाला, "लेडीज, मी हे बजेटमध्ये काय म्हणून दाखवू?" हारुकोबाई म्हणाल्या, "डेंटल."

सगळे गठ्ठे जुळले नाहीत. बऱ्याच कागदांना भोकंच नव्हती. पण चंद्रकोरीचा गठ्ठा जुळला. नऊ कागद. शेवटचा जुळला त्या गुरुवारी हारुकोबाईंनी ते नऊही टेबलावर खालून वर मांडले आणि एकेकावर बोट ठेवून मला इंग्रजीत सांगितलं. पहिलं, कोणाची तरी आई वारल्याचं पत्र. दुसरं, एका शिंप्याचं पत्र. तिसरं, मुख्याध्यापिकेचं. चौथं आणि पाचवं, गावाकडच्या मतदारांची, नोकरीसाठी. सहावं, आदेशाची प्रत, त्यावर मंत्र्यांचा लाल शिक्का; तिथे सही म्हणजे शिक्काच. सातवं आणि आठवं आमंत्रणं. नववं, सगळ्यात वर, गाठीचा डाग असलेलं: शेजाऱ्याने पर्सिमॉन पाठवल्याबद्दल मानलेले आभार. पर्सिमॉन म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ. नील, तू ते चावून थुंकलं होतंस.

म्हणजे आधीचा गठ्ठा नाही, नंतरचाही नाही. एकाच दिवशी, आधी पत्र आणि मग शिक्का.

मी म्हटलं, "पाहिलं म्हणजे वाचलंच असं नाही. वरवर बघून ठेवलं असेल."

"नाही," त्या म्हणाल्या. "वाचल्याशिवाय बाजूला ठेवायचे नाहीत. शिंप्याचंसुद्धा." मग तिसऱ्या कागदावर एक बोट आणि सहाव्यावर दुसरं बोट ठेवून त्या बसून राहिल्या. "मध्ये दोन कागद आहेत," त्या म्हणाल्या. "विचार करायला वेळ होता."

पाच वाजले. वाचनकक्ष बंद करायची वेळ झाली होती. मी केला नाही. नोकरीत नियम मोडल्याची ही दुसरी वेळ, आणि या वेळी माहीत असून.

पुढच्या वर्षी त्या नऊ कागदांच्या प्रती घेऊन जपानला गेल्या. तोवर चौघींच्या तिघी झाल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला घरी फोन केला. त्यांनी जेवणाच्या टेबलावर ते नऊ कागद क्रमाने वाचून दाखवले होते, पर्सिमॉनपर्यंत.

"मग त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"एक म्हणाली, बाईंचं अक्षर शेवटपर्यंत सुंदर होतं. एक रडली. आणि तिसरी म्हणाली, दर वेळी तू सांगायचीस, आणि आम्ही ऐकून घ्यायचो."

मग त्यांनी विचारलं की सूचीतलं पहिलं वाक्य अजून तसंच आहे का.

तसंच होतं. मी दुसऱ्या दिवशी ते बदललं. लिहिलं की हे कागद व्यवस्थित क्रमाने आले होते आणि नलिनी केळकर यांनी तो क्रम मोडला. वॉल्टर म्हणाला, "नाव कशाला घालतेस? असं कोणी करत नाही." मी म्हटलं, सूचीच्या शेवटी मांडणी करणारी म्हणून नाव आहेच, ते इथेही असू दे. त्याने सही केली. नंतर त्या प्राध्यापकांना मी पत्र लिहून कळवलं की प्रस्तावनेतले आभार मागे घ्या. त्यांनी उत्तर दिलं की पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार नाही. फ्रिजवरचं पान मीच काढलं.

त्यानंतर मी चार वर्षं नोकरी केली. देणाऱ्यांना इतके फोन केले की एकाने तक्रार केली. एकही दोरी नोंद केल्याशिवाय सोडली नाही. हारुकोबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. वॉल्टर फ्लोरिडात असतो. तुमचे आजोबा नाहीत. आमच्या जागी आता एक हुशार मुलगी आहे, जपानी वाचणारी. तिने गेल्या हिवाळ्यात मला फोन करून विचारलं की उरलेल्या गठ्ठ्यांचं काही आठवतं का. मला आठवत नाही, असं मी तिला सांगितलं.

जे आहे ते सांगते. खोका चौदा, फोल्डर सहा, नऊ कागद, ज्या क्रमाने त्यांनी पाहिले त्या क्रमाने. आणखी दहा गठ्ठे अर्धवट जुळलेले, वेगळ्या फोल्डरमध्ये. बाकी सगळं माझ्या क्रमाने आहे.